पाळी थांबली म्हणजे घाण साचत नाही

नांदगाव खंडेश्वर तालुक्यात ‘तांबी’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तिच्यासारखेच दिसणारे, पण हार्मोन सोडणारे साधन मात्र फार थोड्या स्त्रियांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्या मनात धास्ती आहे.

‘टी’ आकाराच्या या साधनात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असते. गर्भाशयात बसवल्यावर सुरुवातीला त्यातून रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम बाहेर पडते. त्यामुळे गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट होतो आणि शुक्रजंतूंची वाट अडते. गर्भाशयाचे अस्तरही पातळ राहते. बहुतेकींच्या बीजाशयाचे काम मात्र सुरूच असते. पहिल्या वर्षी हजारात साधारण दोघींनाच दिवस जातात. साधन काढले की पुन्हा मूल होऊ शकते.

अस्तरच पातळ, तर रक्तस्राव कमीच होणार. वर्षभरात पाचातल्या साधारण एकीची पाळी थांबते. म्हणून अंगात घाण साचत नाही. साचायला तिथे काही तयारच झालेले नसते. पहिले तीन ते सहा महिने मात्र अधूनमधून डाग पडतात. काहींना डोकेदुखी, मुरमे, स्तनांत दुखणे असा त्रास होतो. क्वचित साधन निसटते. स्तनाचा कर्करोग, गर्भाशयाचा जंतुसंसर्ग किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर ते बसवू नये. गुप्तरोगांपासूनही ते वाचवत नाही.

तांबीने पाळीतला रक्तस्राव वाढू शकतो, याने तो घटतो. सोयाबीन-कपाशीच्या शेतात राबणाऱ्या, आधीच रक्त कमी असलेल्या बाईसाठी हा फरक मोठा आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचे २०१९ मध्ये राज्यभर गाजले. अतिरक्तस्रावाच्या अनेक रुग्णांत पिशवी न काढता हेच साधन उपचार ठरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

तांबी, ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. या साधनासाठी खासगीत काही हजार रुपये मोजावे लागतात. ज्यांना त्याची गरज सर्वाधिक, त्यांनाच ते परवडत नाही. सरकारने ते ग्रामीण रुग्णालयापर्यंत मोफत पोहोचवावे. आणि बसवण्याआधी पाळीत होणारे बदल बाईला नीट सांगावेत. नाहीतर पहिल्याच महिन्यात डाग दिसताच ती घाबरून ते काढायला येईल, आणि चूक साधनाची ठरेल.