रोम : वैभव वाढले, नागरिक हरवला

इ.स.पू. ४९४ मध्ये रोमच्या सामान्य नागरिकांनी, म्हणजे प्लेबियनांनी, आपले नगर सोडले आणि ते दूर एका टेकडीवर जाऊन बसले. शेतात राबणारे तेच होते आणि रणांगणावर लढणारेही तेच. युद्धावरून परतावे तर शेत उजाड झालेले आणि कर्जदार झाल्यामुळे सावकाराच्या घरी वेठीस राहण्याची पाळी आलेली. नगरात उरली ती पॅट्रिशियन म्हणविणारी कुलीन घराणी. शत्रू कोणत्याही क्षणी चालून येईल आणि लढायला माणूस नाही, हे उमगताच त्या घराण्यांनी मेनेनियस अग्रिप्पा याला समजूत घालण्यासाठी पाठविले.

लिव्ही या इतिहासकाराने नोंदविलेल्या परंपरेनुसार अग्रिप्पाने त्यांना एक कथा सांगितली. एकदा शरीराचे सगळे अवयव पोटावर रुसले. आम्ही कष्टायचे आणि पोटाने बसून खायचे, हे का, असे म्हणून हातांनी घास उचलला नाही, तोंडाने घेतला नाही, दातांनी चावला नाही. पोटाची खोड मोडायला निघालेले अवयव स्वतःच गळून गेले, तेव्हा पोटही आपले काम करीत होते हे त्यांना कळले. समाज हे एक शरीर आहे, हा त्या कथेचा आशय.

ही कथा अडीच हजार वर्षे सांगितली जात आहे. तिचा उत्तरार्ध मात्र बहुधा गाळला जातो. प्लेबियन केवळ कथा ऐकून घरी परतले नाहीत. त्यांचा कैवार घेणारे 'ट्रिब्यून' हे अधिकारपद निर्माण झाले, त्या अधिकाऱ्याच्या अंगाला हात लावणे हा महाअपराध ठरला आणि मगच ते परतले. ऐक्याचा उपदेश आणि न्यायाची हमी, दोन्ही मिळाल्यावर समाज सांधला गेला. रोमच्या पुढील उत्कर्षाचे रहस्य येथे आहे आणि ऱ्हासाचेही.

संघर्षातून समन्वय

त्यानंतरची दोन शतके रोममध्ये कुलीन आणि सामान्य यांच्यात सतत ताण होता. परंतु तो ताण तलवारीने न सुटता कायद्याने सुटत गेला. इ.स.पू. ४४५ मध्ये दोन वर्गांतील विवाहांवरील बंदी उठली. इ.स.पू. ३६७ मध्ये कॉन्सल हे सर्वोच्च पद प्लेबियनांना खुले झाले. पुढे कर्जापायी नागरिकाला बांधून ठेवण्याची प्रथा बंद करण्यात आली आणि इ.स.पू. २८७ मध्ये प्लेबियनांच्या सभेचे ठराव सर्व नागरिकांवर बंधनकारक झाले. असा सांधलेला समाज हानिबलच्या भीषण आक्रमणातही मोडून पडला नाही.

रोममध्ये समता नांदत होती असा याचा अर्थ नव्हे. जनगणनेत प्रत्येक नागरिकाची मालमत्ता मोजली जाई आणि त्यानुसार तो एका वर्गात जाई. मतदानाचे गट १९३ होते. त्यांपैकी अश्वारूढ वर्गाचे १८ आणि पहिल्या संपन्न वर्गाचे ८० असे ९८ गट एकमत झाले की निकाल लागे. खालच्यांची पाळीच येत नसे. ज्यांच्याकडे मोजण्याजोगे काहीच नव्हते ते सर्व एकाच गटात कोंबलेले. त्यांचे नाव 'प्रोलेटारी', म्हणजे राज्याला अपत्यांवाचून काही देऊ न शकणारे. मार्क्सने पुढे उचलला तो हाच शब्द. परंतु या व्यवस्थेला एक दुसरी बाजूही होती. ज्याची मालमत्ता अधिक त्याच्यावर कराचा आणि युद्धाचा भार अधिक. अधिकार आणि कर्तव्य यांची ही जोडी जोवर टिकली, तोवर विषमता असूनही समाज टिकला.

जोडी तुटली

ही जोडी तोडली ती विजयाने. इ.स.पू. १६७ मध्ये मॅसिडोनिया जिंकल्यावर आलेल्या लुटीने खजिना असा भरला की इटलीतील रोमन नागरिकांवरील मालमत्ताकर थांबविण्यात आला. धनवानांवरचा भार उतरला, अधिकार मात्र तेवढेच राहिले. सिनेट सदस्यांना मोठी व्यापारी जहाजे बाळगण्यास इ.स.पू. २१८ पासून मनाई होती. त्यामुळे त्यांचा पैसा जमिनीत गेला. युद्धात पकडलेले गुलाम स्वस्तात मिळू लागले. वर्षानुवर्षे परदेशी मोहिमेवर असलेल्या शेतकरी-सैनिकाची जमीन शेजारचा धनिक गिळू लागला. लहान शेतकरी सर्वत्र नाहीसा झाला असे नव्हे. अनेक भागांत तो टिकून राहिल्याचे उत्खननांतून दिसते. परंतु राज्याच्या मालकीच्या सार्वजनिक जमिनी मूठभरांच्या हाती गेल्या, ही वस्तुस्थिती होती.

इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस हा ट्रिब्यून झाला. सार्वजनिक जमीन एकाने ५०० युगेरांहून, म्हणजे सुमारे ३०० एकरांहून, अधिक बाळगू नये हा जुना नियम अमलात आणावा, उरलेली जमीन भूमिहीनांना द्यावी आणि ती त्यांना विकता येऊ नये, एवढीच त्याची मागणी. सिनेट सदस्यांच्या जमावाने बाकांचे तुटलेले पाय हाती घेऊन त्याला ठार केले आणि सुमारे ३०० अनुयायांसह त्याचे प्रेत टायबर नदीत फेकले. ज्याच्या अंगाला हात लावणे हा महाअपराध, त्याचीच ही गत! बारा वर्षांनी त्याचा भाऊ गायस याचाही असाच अंत झाला.

वर्गसंघर्षाच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांना येथे केवळ गरीब विरुद्ध श्रीमंत दिसतात. पण ग्रॅकस बंधू हॅनिबलला हरविणाऱ्या स्किपिओचे सख्खे नातू होते आणि टायबेरियसवर चालून जाणाऱ्या जमावाचा पुढारी स्किपिओ नासिका हा त्यांचाच नातलग. एकाच कुळातील एकाला संपत्तीबरोबर येणारे कर्तव्य दिसले, दुसऱ्याला केवळ संपत्ती.

पुढचा क्रम अटळ होता. भूमिहीनांना सैन्यात स्थान नव्हते, इ.स.पू. १०७ मध्ये मारियसने त्यांना भरती केले. निवृत्तीनंतर जमीन मिळवून देणारा सेनापती हाच त्यांचा देश झाला. इ.स.पू. ८८ मध्ये सुल्लाने रोमन सैन्य घेऊन रोमवरच चाल केली. पुढे त्याने वध्य ठरविलेल्यांच्या याद्या लावल्या, त्यांची मालमत्ता लिलावात काढली आणि क्रॅससासारख्यांनी ती मातीमोल भावाने घेतली. आग लागलेली घरे क्रॅसस पडेल किमतीत विकत घेई, असे प्लुटार्क सांगतो. स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर इ.स.पू. ७१ मध्ये ६,००० गुलामांना रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढविणारा तो हाच. इ.स.पू. ४९ मध्ये सीझरने रुबिकॉन ओलांडली, तेव्हा प्रजासत्ताकाचे केवळ कलेवर उरले होते.

धान्य मिळाले, मान गेला

जमीन देणे जमले नाही, तेव्हा धान्य देण्यात आले. गायस ग्रॅकसने ते स्वस्त केले, क्लोडियसने इ.स.पू. ५८ मध्ये फुकट केले. सीझरच्या काळी घेणाऱ्यांची संख्या ३,२०,००० होती. त्याने ती १,५०,००० वर आणली. भुकेल्याला अन्न देणे हे राज्याचे कर्तव्यच होय. परंतु ज्याला शेत हवे होते, सैन्यात स्थान हवे होते, मताला किंमत हवी होती, त्याच्या हाती केवळ पिशवी देऊन त्याला गप्प करणे हा न्याय नव्हे.

ऑगस्टसने शांतता आणली. दर्जा मात्र पैशाने बांधून टाकला. सिनेट सदस्याकडे किमान १० लाख सेस्टर्स हवेत, अश्वारूढ वर्गातील माणसाकडे ४ लाख. सैनिकाचे वार्षिक वेतन होते ९०० सेस्टर्स. त्याने एकही नाणे खर्च केले नसते तरी सिनेटच्या पात्रतेला अकराशे वर्षे लागली असती! अंगरख्यावरील जांभळ्या पट्टीची रुंदीही दर्जानुसार ठरलेली आणि नाट्यगृहातील आसनही.

तरी रोमचा एक गुण मान्य केला पाहिजे. नागरिकाने रीतसर मुक्त केलेला गुलाम तेथे नागरिक होई आणि त्याच्या मुलाला पुढचे मार्ग खुले होत. कवी होरेस हा मुक्त गुलामाचा मुलगा, इ.स. १९३ मध्ये सम्राट झालेला पर्टिनॅक्सही तसाच. बाहेरच्याला सामावून घेण्याची ही शक्ती हेच रोमच्या दीर्घायुष्याचे एक मोठे कारण.

भारताचा संबंध येतो तो या वैभवाच्या बाजारपेठेत. कल्याण, भडोच आणि मराठवाड्यातील तेर यांची नावे ग्रीक प्रवासवर्णनात आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली. भारत दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी प्लिनीची तक्रार होती. पण पूर्वेकडून येणाऱ्या मालावर रोमचा खजिना २५ टक्के जकात घेत होता, हेही विसरता येत नाही. रोमची खरी गळती मिऱ्याच्या गोणीतून नव्हे, आतूनच होत होती.

तिचा शेवटचा पुरावा कायद्यात सापडतो. इ.स.च्या दुसऱ्या शतकापर्यंत न्यायालयात प्रतिष्ठित आणि क्षुद्र असे दोन वर्ग ठरून गेले. एकाच गुन्ह्याला प्रतिष्ठिताला हद्दपारी, क्षुद्राला खाण, क्रूस किंवा हिंस्र श्वापदे. इ.स. २१२ मध्ये कॅराकॅलाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र माणसांना नागरिकत्व दिले, तेव्हा त्या नागरिकत्वाला काय मोल उरले होते? सर्व जण नागरिक झाले आणि नागरिक या शब्दाने कोणाचेही रक्षण होईना.

अग्रिप्पाची कथा खोटी नाही. समाज हे एक शरीर आहेच. पण शरीर एक आहे हे हातापायांना पुन्हा पुन्हा सांगणे सोपे असते. तीच गोष्ट पोटाने लक्षात ठेवणे कठीण. जो समाज धनवानाला त्याचे कर्तव्य आणि श्रमिकाला त्याचा मान स्मरणपूर्वक देतो, तोच ऐक्याची भाषा बोलण्यास पात्र ठरतो. रोमने हे दोनशे वर्षे पाळले आणि जग जिंकले. नंतर ते विसरले, आणि जिंकलेल्या जगाने त्याला वाचविले नाही.