कातळावरचा घसारा

‘घसारा’ हा शब्द हिशेबनिसाला जितका परिचित, तितकाच सह्याद्रीत भटकणाऱ्यालाही. वहीत घसारा म्हणजे वापरामुळे वस्तूच्या मूल्यात दरवर्षी होणारी घट. डोंगरात घसारा म्हणजे सुट्या मुरमाची, पाय निसटणारी उतरण. प्रस्तरारोहण करणाऱ्याच्या पँटला हे दोन्ही घसारे एकदमच सोसावे लागतात.

दिवाळीची सुटी जवळ आली की शिबिराला निघालेल्या मुलामुलींच्या घरी सामानाची यादी येते. तीत हार्नेस, हेल्मेट, बूट यांचा तपशील असतो. कपड्यांपुढे मात्र ‘हालचालीस सोयीची पँट’ एवढेच लिहिलेले असते. या तीन शब्दांवरून घरात मतभेद होतात. वडील म्हणतात, जीन्स मजबूत असते, तीच न्यावी. आई म्हणते, घरातली ट्रॅक पँट पुरे. मुलीने मोबाइलवर परदेशी कंपनीची पँट पाहून ठेवलेली असते, आणि तिची किंमत ऐकून आजोबा हातातले वर्तमानपत्र बाजूला ठेवतात. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे तथ्य असते. निर्णय मात्र कापड आणि शिवण पाहूनच व्हावयास हवा. ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या कापडाचा व्यापार झाला, त्यांना ही परीक्षा अवघड वाटू नये.

प्रथम जीन्सचा विचार करावा. तिच्या मजबुतीची ख्याती खरी आहे. जेकब डेव्हिस हा शिंपी आणि लेव्ही स्ट्रॉस हा सॅन फ्रान्सिस्कोचा कापड व्यापारी, या दोघांनी २० मे १८७३ रोजी पँटच्या ताण पडणाऱ्या जागी धातूची रिव्हेट ठोकण्याच्या युक्तीचे पेटंट मिळवले. या जोडीने एक मर्म ओळखले होते : कष्टकऱ्याची पँट प्रथम खिशाच्या कोपऱ्यांत आणि जोडांवर उसवते, कापड त्यानंतर फाटते. परंतु खाणीत वा शेतात उपयोगी पडणारे वस्त्र कातळावर अडचणीचे ठरते. बारा औंसाच्या डेनिमचे वजन प्रति चौरस मीटर सुमारे ४०० ग्रॅम भरते. घामाने ते आणखी जड होते, लवकर वाळत नाही आणि गुडघा वर उचलताना मांडीला आवळते. शिवाय जाड शिवणी आणि रिव्हेट हार्नेसखाली रुततात.

मग कापड कोणते घ्यावे? सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा आहे. खंडाळ्याजवळची नागफणी असो, तैलबैल्याच्या भिंती असोत वा रायगडाजवळचा लिंगाणा असो, गुडघे, बैठक आणि घोट्याची आतली बाजू या तीन ठिकाणी कापड दगडाला घासत राहते. घर्षण सोसण्यात नायलॉन सुतापेक्षा आणि पॉलिएस्टरपेक्षाही सरस ठरते. पॉलिएस्टर पाणी कमी शोषते व लवकर वाळते. सुती कापड अंगाला सुखकर असते. कृत्रिम भिंतीवरच्या सरावाला ते उत्तम, परंतु दिवसभराच्या चढाईत घामाने चिंब होते. त्यामुळे आपल्या हवामानात चढाईसाठी १५० ते २५० जीएसएमचे, घट्ट विणीचे नायलॉन आणि त्यात थोडा ताणला जाणारा धागा, हे मिश्रण सोयीचे पडते. हा लवचीक धागा, म्हणजे स्पॅन्डेक्स, १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधला. तो शेकडा तीन ते पाच असला तरी पुरतो. चौकडीच्या विणीचे ‘रिपस्टॉप’ कापड फाट पुढे सरकू देत नाही, पण त्यामुळे ते कमी घासते असे नव्हे. हा फरक खरेदी करताना ध्यानात ठेवावा. ट्रॅक पँटच्या मऊ, विणलेल्या होजिअरी कापडात वाटेवरची कुसळे रुतून बसतात आणि खडबडीत दगडावर त्याचे धागे ओढले जातात, हेही विसरू नये.

कापडाइतकेच महत्त्व बेतण्याला आहे. साध्या पँटमध्ये दोन मांड्यांच्या मधोमध चार शिवणी एका बिंदूत मिळतात. चढणारा पाय कमरेइतका वर टाकतो तेव्हा सगळा ताण त्याच बिंदूवर येतो, आणि पँट तेथेच उसवते. काचा मारलेल्या धोतराला किंवा काष्ट्याच्या लुगड्याला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण तेथे शिवणच नव्हती. सदऱ्याच्या काखेत हात मोकळा राहावा म्हणून आपले शिंपी चौबगला घालत आले. तोच उपाय येथे लागू पडतो. मांड्यांच्या मधे एक जादा तुकडा बसवला की चार शिवणी एका ठिकाणी येत नाहीत, ताण विभागला जातो आणि पाय मोकळा होतो. कॅलिफोर्नियातील गिर्यारोहक माइक ग्रॅहॅम यांनी १९८२ साली सुरू केलेल्या ‘ग्रामिची’ या कंपनीची पँट याच रचनेमुळे आणि कमरेला शिवलेल्या पट्ट्यामुळे नावारूपास आली. आज स्वस्त पँटमध्येही हा तुकडा मिळतो. तो आहे की नाही, हे पँट उलटी करून पाहावे. त्याच वेळी आतली शिवण दुहेरी टिपेची व चपटी आहे ना, आणि खिशांच्या टोकांना पक्की टीप घातली आहे ना, हेही पाहून घ्यावे.

दुकानात पँट घालून आरशासमोर उभे राहण्यात फारसा अर्थ नाही. ती घालून उकिडवे बसावे; कंबर मागून खाली सरकता कामा नये. एक पाय खुर्चीवर ठेवून गुडघा छातीकडे आणावा. कापड मांडीवर अडकू नये. मग शक्य असल्यास हार्नेस चढवून पाहावा. त्याचा पट्टा कमरेवर बसतो, म्हणून जाड बक्कल, मागचे गुंडीचे खिसे आणि सुरकुतणारी कंबरपट्टी टाळावी. मांडीवरचा खिसा हार्नेसच्या खाली येत असेल तर तो असून नसल्यासारखाच. पँटचा घेर पायापाशी आवरता यावा. सैल काठामुळे पाय ठेवण्याची खोबण दिसत नाही आणि काठावरच पाय पडण्याचा धोका राहतो. कमरेची लोंबती नाडी दोरावरून उतरताना उपकरणात अडकू शकते. ती आत खोचावी किंवा आखूड करावी.

आता हिशेब. समजा, ९०० रुपयांची पँट चढाईचे १५ दिवस टिकली आणि २,७०० रुपयांची ९० दिवस. पहिलीचा खर्च दिवसाला ६० रुपये, दुसरीचा ३०. तिप्पट किमतीची वस्तू निम्म्या दराने पडली. मात्र हे गणित ९० दिवस चढणाऱ्याचे आहे. मुलगी एका शिबिरानंतर पुन्हा कातळाकडे वळलीच नाही, तर तीच पँट दिवसाला शेकडो रुपयांची होते. म्हणून पहिल्या शिबिराला घरातली, अंगाबरोबर बसणारी पँट न्यावी. आवड टिकली तर पुढल्या वर्षी चांगली घ्यावी. घेतल्यावर आयुष्य वाढवणे आपल्या हाती असते. उलटी करून थंड पाण्यात धुवावी, ब्लीच व गरम इस्त्री टाळावी, कारण लवचीक धागा त्यानेच मरतो. गुडघा विरळ दिसू लागताच, भोक पडण्याची वाट न पाहता, आतून ठिगळ लावून घ्यावे.

एक गोष्ट या हिशेबात बसत नाही. पँट उसवली तर फार तर ओशाळवाणे होते. हेल्मेट वा हार्नेस दगा देतो तेव्हा नुकसान भरून निघत नाही. त्यांवर सुरक्षा मानकाचे चिन्ह पाहूनच ती घ्यावीत, आणि ज्याचा पूर्वीचा वापर ठाऊक नाही असा जुना माल केवळ स्वस्त मिळतो म्हणून उचलू नये. काटकसर करावयाची तर ती पँटमध्ये करावी.

वर्तमानपत्र बाजूला ठेवणाऱ्या आजोबांनी म्हणूनच किमतीवर बोलण्याआधी नातीला दुकानात न्यावे. कापड चिमटीत धरून पोत पाहावा, पँट उलटी करून शिवण तपासावी आणि तिला सांगावे, “बाळ, ही घालून आधी उकिडवी बस पाहू.”