पडद्यावरचे रक्त आणि न दिसणारा कायदा

मेल गिब्सन यांचा 'द पॅशन ऑफ द ख्राईस्ट' हा चित्रपट फेब्रुवारी २००४ मध्ये प्रदर्शित झाला. येशूच्या आयुष्यातले अखेरचे काही तास त्यात आहेत, आणि त्यातलाही मोठा भाग मारहाणीचा. रोमन शिपाई फटके मारतात, कातडी सोलून निघते, तरी कॅमेरा हलत नाही. अमेरिकेत चर्चमंडळींनी अख्खी चित्रपटगृहे आरक्षित करून भाविकांना हा सिनेमा दाखविला. श्रद्धावंताने असे चित्रण पाहावे काय, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

यात आपला काय संबंध, असे काही वाचक विचारतील. संबंध रक्ताचा आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि जालना भागात मिशनऱ्यांच्या काळात महारवाड्यांतील कितीतरी कुटुंबे ख्रिस्ती झाली. उरलेल्या भावकीने १९५६ नंतर बाबासाहेबांच्या मार्गाने धम्म स्वीकारला. एकाच आडनावाची एक चूल ख्रिस्ती, दुसरी बौद्ध, हे चित्र तिकडे नवे नाही. त्यामुळे हा प्रश्न परक्याचा नाही.

ख्रिस्ती बांधवांची बाजू आधी नीट ऐकली पाहिजे. त्यांच्या श्रद्धेत येशूचे दुःख हाच गाभा आहे. गुड फ्रायडेला क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने ते भक्तिभावाने करतात. हे दुःख डोळ्यांनी पाहिले तर त्याची किंमत कळते, असे त्यांचे म्हणणे. त्याची टिंगल करण्याचे आपल्याला कारण नाही.

परंतु वकिलाच्या नजरेने पाहिले की या चित्रपटात आरोपी बदललेला दिसतो. क्रूसावर चढविणे ही रोमची शिक्षा होती, आणि ती प्रामुख्याने गुलामांसाठी व बंडखोरांसाठी होती. रोमन नागरिकाच्या वाट्याला ती सहसा येत नसे. इसवी सन पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर कापुआ ते रोम या रस्त्यावर सुमारे ६००० गुलाम क्रूसांवर लटकविले गेले. गुलामाचे शरीर सर्वांना दिसेल असे ठेवायचे म्हणजे बाकीचे डोके वर काढत नाहीत! गावकुसाबाहेर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

चित्रपट मात्र ही राजसत्ता झाकतो. पिलात हा सुभेदार त्यात हळवा, पेचात सापडलेला माणूस आहे. त्याच काळातल्या फिलो या ज्यू लेखकाने त्याच्यावर क्रौर्याचा आणि खटला न चालवता माणसे मारल्याचा ठपका ठेवला आहे. पडद्यावर दोष जातो तो ज्यू पुरोहितांवर आणि जमावावर. युरोपात अशाच नाटकांनी शतकानुशतके ज्यूंविरुद्ध द्वेष पोसला. जर्मनीतील ओबरामरगाऊ गावचे असे नाटक १९३४ साली हिटलरने पाहिले आणि पुढे त्याची वाखाणणीही केली. व्हॅटिकनने १९६५ साली येशूच्या मृत्यूचा दोष सर्व ज्यूंवर टाकता येणार नाही, असे जाहीर केले, ते एवढ्या हत्याकांडानंतर. शुभवर्तमानांत फटक्यांचा उल्लेख एखाद्या ओळीत आटोपतो. दिग्दर्शकाने त्या ओळीची लांबच लांब दृश्ये केली आणि शिक्षा देणाऱ्या सत्तेला मात्र सवलत दिली.

म्हणून माझे मत असे की, हिंसा किती दाखविली हा मुद्दा दुय्यम आहे. मारणारा कोण आणि त्याला अधिकार कुणी दिला, हे जो चित्रपट लपवतो त्यापुढे ढाळलेले अश्रू फुकट जातात. आपल्याच देशात पाहा. २००८ साली ओडिशातील कंधमालमध्ये ख्रिस्त्यांची घरे व चर्च जाळली गेली. त्यात दलित ख्रिस्ती मोठ्या संख्येने होते. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९५६ साली शीख आले, १९९० साली आपण बौद्ध आलो. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहे. त्यामुळे जातीवरून मार खाल्ला तरी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच्या मदतीला येत नाही. येशूच्या जखमा पाहून रडणाऱ्या किती जणांना ही जखम ठाऊक आहे?

तथागतांनी देहदंडाचा मार्ग स्वतः करून पाहिला आणि टाकून दिला. महामोग्गलान यांचा अंत मारेकऱ्यांच्या मारहाणीत झाला, असे परंपरा सांगते. पण त्यांच्या मोडलेल्या हाडांची पूजा आपण मांडत नाही. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात महापरिनिर्वाणाचे भव्य शिल्प आहे. त्यात शोक आहे तो खाली बसलेल्या शिष्यांच्या चेहऱ्यांवर. बाबासाहेबांनीही दुःखाचे अस्तित्व आणि दुःखाचे निवारण या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगितल्या.

पण आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यांच्या मृतदेहांची छायाचित्रे आपणच हातोहात फिरविली. त्या छायाचित्रांशिवाय समाज रस्त्यावर आला नसता, असे कार्यकर्ते सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. परंतु त्यात एका मायलेकीची अब्रूही उघडी पडली. पुढे २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने शिक्षा सुनावल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली आणि जातीय हेतू तिथेही मान्य झाला नाही. छायाचित्रे ज्यांनी पाहिली त्यांतील फार थोड्यांनी हे निकालपत्र वाचले असेल.

ख्रिस्ती नातेवाइकांनी हा चित्रपट पाहायला बोलाविले तर मोठ्यांनी खुशाल जावे, आणि नंतर चहा घेताना पिलाताचा व १९५० च्या आदेशाचा विषय काढावा. लहान मुलांना मात्र नेऊ नये. अमेरिकेतही सतरा वर्षांखालील मुलाला मोठ्या माणसाशिवाय तो पाहता येत नव्हता. ज्याला पाहवत नाही त्याने उठून बाहेर यावे. त्याची श्रद्धा कमी पडली, असे म्हणण्याचा अधिकार कुणाही धर्मगुरूला नाही.