थरथर फक्त ब्रेक दाबल्यावरच का?



ब्रेक दाबताना गाडी थरथरली तर व्हील बॅलन्सिंग करा, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला मला पटला नाही. बॅलन्सिंग बिघडले तर गाडी ब्रेक न दाबताही वेगात थरथरते. माझी गाडी कन्नडचा घाट उतरताना फक्त ब्रेकवर हादरायची, स्टिअरिंग हातात थडथडायचे. म्हणजे दोष बहुधा पुढच्या डिस्कचा. तरी दोनदा बॅलन्सिंगवर पैसे गेले! शेवटी नांदगावातल्या मिस्त्रींनी डायल गेज लावला. हबवर गंजाचा थर, त्यामुळे डिस्क वाकडी फिरून असमान झिजलेली. त्यांनी गंज घासला, डिस्क लेथवर सरळ केली, नट समोरासमोरचे घेत टॉर्क पान्याने आवळले. थरथर गेली. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीखाली ती उतरली असेल, तर मात्र नवीनच टाकावी.

— एक वाचक, नांदगाव (जि. नाशिक)