काळं कपाट आणि एकुलती खिडकी

मैत्रिणींनो, गेल्या आठवड्यात एका भगिनीचं पत्र आलं. बाहेरची खोली १० बाय १२, खिडकी एकच, आणि तीही सासूबाईंच्या शिसवी कपाटानं अर्धी अडवलेली. भर दुपारी दिवा लावावा लागतो. डेकोरेटर म्हणतो, फॉल्स सीलिंग करू. मिस्टर म्हणतात, कपाटच विकून टाकू. ते ऐकल्यापासून सासूबाई धड जेवत नाहीत. "ताई, मी काय करू?"

उत्तराआधी एका बाईंची हकिकत सांगते. न्यूयॉर्कच्या एल्सी डी वुल्फ. घर सजवणं हा बाईचा व्यवसाय होऊ शकतो, हे तिकडे ज्यांनी दाखवून दिलं त्यांच्यातल्या अगदी पहिल्या. वडील १८९० साली वारले, पैशाची चणचण आली, तेव्हा एल्सीबाई पोटासाठी नाटकात शिरल्या. अभिनय बेताचाच; नाव झालं ते त्यांच्या कपड्यांचं!

त्या काळी तिकडची चांगली घरं म्हणजे काळपट लाकूड, जाडजूड पडदे आणि पाय ठेवीन तिथं शोभेच्या वस्तू. बाईंचं स्वतःचं घरही तसंच होतं. १८९८ च्या सुमारास त्यांनी ते पालटलं. कसं? आधी अडगळ काढली. मग जेवणघरातलं काळं लाकूडकाम, खुर्च्यासुद्धा, पांढऱ्या रंगवल्या. पुढं १९०७ साली उघडलेल्या बायकांच्या कॉलनी क्लबात त्यांनी वेताच्या खुर्च्या, लाकडी जाळ्या आणि फुलाफुलांचं चीट वापरलं. त्या कापडाचं इंग्रजी नाव, चिंट्झ, आपल्याच देशातून गेलेलं, बरं का! उजेड, मोकळी जागा आणि आरसे, हा त्यांचा सगळा मसाला.

पुढं गिऱ्हाइकं मिळाली ती कोट्यधीश, आणि जुनं फ्रेंच सामान घेणारी. तो भाग आपण सोडून देऊ.

तर भगिनी, कपाट विकू नका. शिसवीला पांढरा रंग फासू नका, इथं मी एल्सीबाईंचं ऐकणार नाही. ते फक्त खिडकीपासून हलवा. आतल्या खोलीत, सासूबाईंच्या पलंगाजवळ, आणि त्यांना विचारून. मागच्या भिंतीला ओल असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्या. भिंतींना फिकट मलई रंग द्या. मी एकदा हौसेनं मरून रंग दिला आणि दोन वर्षं ट्यूबलाइटखाली भाजी निवडली! खिडकीसमोर आरसा लावा. पडद्याचा दांडा चौकटीच्या दोन्ही बाजूंना वीतभर जास्त ठेवा, म्हणजे पडदा सारला की काच पूर्ण मोकळी होते. फॉल्स सीलिंगनं छत खाली येईल आणि खोली आणखीच कोंदटेल. ते पैसे राहू द्यात.

आणि हो, कपाट हलवण्याआधी रिकामं करावं लागेल. नव्या जागी गेल्यावर त्याचे खण मात्र तुम्ही लावू नका. किल्ली सासूबाईंच्या हाती द्या.