शून्य साठ्याचीही तपासणी व्हावी

मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी महाग नाही आणि नवीही नाही. कर्करोगाच्या तीव्र वेदनेत ती दर चार तासांनी द्यायची, मध्यरात्री रुग्णाला उठवावं लागू नये म्हणून झोपताना दोन द्यायच्या आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध न चुकता चालू ठेवायचं. दिवसाला सहा गोळ्या, महिन्याला १८०. वेदना वाढली तर मात्राही वाढते. वेदनाशमन शिकलेल्या डॉक्टरला हा हिशेब रोजचा असतो. रुग्णालयाच्या हिशेबनिसाला मात्र १८० हा आकडा पाहून घाम फुटतो, कारण चिठ्ठीवरचं औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं.

ही भीती आकाशातून पडलेली नाही. १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा मूळ स्वरूपात फार कठोर होता. अफूजन्य पदार्थांच्या गुन्ह्याला किमान दहा वर्षांची कैद होती. वैद्यकीय वापराला कायद्याने मनाई केली नव्हती, पण नियम राज्यागणिक वेगळे होते. औषध बाळगायला एक परवाना, वाहतुकीला दुसरा, परराज्यातून आणायला तिसरा. त्यात उत्पादन शुल्क खातं वेगळं आणि औषध नियंत्रण वेगळं. शेवटचा परवाना हातात पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असायची. मग रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. १९९७पर्यंत देशातला वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घसरून वर्षाला १८ किलोवर आला. मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकत होती, ती परदेशी निर्यात होत होती आणि आपल्याच देशात माणसं विव्हळत मरत होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपल्या आईला मॉर्फिन मिळालं नाही म्हणून एका औषधशास्त्रज्ञाला थेट दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं.

पण २०१४मध्ये संसदेने हा कायदा बदलला. त्यासाठी वेदनाशमनतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल आणि केरळातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या होत्या. 'अत्यावश्यक अमली औषधं' असा नवा वर्ग कायद्यात आला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन आणि कोडीन या सहा औषधांचे नियम केंद्राच्या हाती गेले आणि देशभर सारखे झाले. आता रुग्णालयाला किंवा हॉस्पिसला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून, म्हणजे आपल्याकडे एफडीएकडून, 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' अशी एकच मान्यता पुरते. वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर जबाबदार म्हणून नेमायचा, वर्षाची गरज आधी कळवायची, रोजची आवक-जावक नोंदवहीत लिहायची, वापराचा वार्षिक तपशील पाठवायचा आणि साठा कुलपात ठेवायचा. यातलं काहीही जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्याबाहेरचं नाही.

नोंदवहीला मी जाच मानत नाही. अंतकाळाची सेवा करणाऱ्या संस्थेचा तो सर्वांत मोठा आधार असतो. प्रत्येक गोळी कोणत्या रुग्णाला, कधी, कोणाच्या चिठ्ठीवर गेली हे लिहिलेलं असेल तर तपासणीला आलेल्या निरीक्षकासमोर परिचारिकेला थरथरावं लागत नाही. खरी कसोटी लागते घरी दिलेल्या औषधाच्या बाबतीत. रुग्ण जातो आणि उशाशी चाळीस गोळ्या उरतात. दुःखात बुडालेल्या घराला त्या आठवतही नाहीत. म्हणून गोळ्या देतानाच घरच्यांना सांगायला हवं की उरलेल्या परत आणायच्या. समाचाराला जाणाऱ्या परिचारिकेने त्या मोजून घ्याव्यात आणि साक्षीदारासमोर नोंद करावी. इथे हयगय करणाऱ्या संस्थेची मी बाजू घेणार नाही. एका ठिकाणची चोरी पुढच्या दहा ठिकाणांचं औषध बंद करते.

अमेरिकेतल्या अफूजन्य औषधांच्या व्यसनाच्या साथीचं उदाहरण हमखास पुढे केलं जातं. तिथे कंपन्यांनी साध्या, दीर्घकाळच्या दुखण्यांसाठीही ही औषधं खपवली, हे खरं आहे. आपल्याकडचा अनुभव वेगळा आहे. कालिकतच्या वेदनाशमन केंद्रातून घरी मॉर्फिन घेणाऱ्या १,७२३ रुग्णांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं गेलं; २००१मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात औषधाला पाय फुटल्याची एकही घटना सापडली नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत मागे राहायचं काहीच कारण नव्हतं. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६मध्ये वांद्र्यात उभं राहिलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७पासून आहे, परळला टाटा रुग्णालयाचा वेदनाशमन विभाग आहे. केरळापाठोपाठ २०१२मध्ये वेदनाशमन सेवेचं धोरणही राज्याने आणलं. तरी रुग्ण मुंबईहून गावी परतला, महिन्याची पुडी संपली, की पुढच्या पुडीसाठी घरातल्या कुणाला तरी पुन्हा रेल्वेत बसावं लागतं. तोवर रुग्णाने काय करायचं? शस्त्रक्रियागृहात फेंटानिल वापरणारी, पण 'कायद्याची भानगड नको' म्हणून मॉर्फिनच्या गोळ्या न ठेवणारी रुग्णालयं आहेत. एका नार्कोटिक औषधाची वही त्यांना ठेवता येते, तर दुसऱ्याची का नाही? हे कायद्याचं पालन नव्हे, कायद्याच्या नावावर रुग्णाला वाऱ्यावर सोडणं आहे.

आपली तपासणी एकाच बाजूने होते. वहीत दोन गोळ्या कमी भरल्या तर खुलासा मागितला जातो. ज्या रुग्णालयाने वहीच उघडलेली नाही, त्याला कोणी काही विचारत नाही. २०१४च्या दुरुस्तीने औषधाची उपलब्धता हेही कायद्याचं काम ठरवलं आहे. मग शून्य साठा हीसुद्धा नोंद घेण्याजोगी त्रुटी धरायला हवी. एफडीएने मान्यता असलेल्या संस्थांची जिल्हावार यादी मराठीत जाहीर करावी. आरोग्य विभागाने दर जिल्हा शल्यचिकित्सकाकडून तोंडी मॉर्फिनचा साठा आणि गेल्या वर्षीचा वापर लेखी मागवावा.

आणि तुमच्या घरच्या रुग्णासाठी कोणी 'कायद्यात बसत नाही' म्हणालं, तर दोनच प्रश्न विचारा: रुग्णालयाला मान्यता आहे का, आणि नसेल तर अर्ज कोणत्या तारखेला केला?