सोल्युशनचा वास जातो कुठे?

पंक्चर काढणारा ट्यूब घासतो, सोल्युशन लावतो आणि लगेच ठिगळ दाबत नाही. दोन-चार मिनिटे थांबतो. घाईतल्या गिऱ्हाइकाला हा वेळकाढूपणा वाटतो, पण सारी करामत त्या थांबण्यातच आहे. सोल्युशन म्हणजे हेक्झेन, हेप्टेन किंवा टोल्युईनसारख्या द्रावकात विरघळवलेले रबर. द्रावक उडाले की रबराचा पातळ थर उरतो. असे दोन थर एकमेकांवर दाबले की त्यांचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंततात. चपलेचा तळ चिकटवतानाही म्हणूनच दोन्ही बाजूंना गोंद लावून तो सुकू देतात.

उडालेले द्रावक मात्र कुठे तरी जातेच. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे ते वाऱ्यावर जाते. चपला बनवणाऱ्या दहा बाय दहाच्या खोलीत ते तिथेच राहते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते, आणि कारागीर बसलेला असतो जमिनीवरच. नाकाला वासाची सवय होते, त्यामुळे वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला, असे नाही.

पूर्वी या गोंदात बेन्झिन असे. इस्तंबूलचे डॉक्टर मुझफ्फर अक्सोय यांनी १९७०च्या दशकात तिथल्या पादत्राणे बनवणाऱ्या कामगारांमधील रक्ताच्या कर्करोगाचा संबंध त्याच्याशी जोडून दाखवला. जपानने बेन्झिन त्याआधीच हटवले होते, पण त्याच्या जागी आले हेक्झेन. आणि १९६०च्या दशकात तिथे घरोघरी सँडल बनवणाऱ्यांचे हातपाय बधिर होऊ लागले. शरीरात हेक्झेनपासून जो पदार्थ तयार होतो, तो मज्जातंतूंना इजा करतो. सुरुवात पायाच्या बोटांतल्या मुंग्यांपासून होते, पुढे पायांतली ताकद जाते. काम सोडल्यावरही काही काळ त्रास वाढतच राहतो आणि सुधारणेला महिनोन्‌महिने लागतात. तेव्हा डब्यावर ‘बेन्झिनविरहित’ लिहिले आहे एवढ्यावर निर्धास्त होणे भाबडेपणाचे.

आपल्याकडे हे काम बव्हंशी घरात किंवा चार-पाच जणांच्या गाळ्यात चालते. कारखान्यांना लागू असलेल्या कायद्याचा निरीक्षक तिथे फिरकत नाही, कारण एवढ्या लहान जागेला तो कायदा सहसा लागूच होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क वाफ अडवत नाही. जमिनीलगतची हवा बाहेर ओढणारा पंखा, झाकण लावलेला डबा आणि जवळपास विडी-स्टोव्ह नसणे, हे उपाय खर्चिक नाहीत. हेक्झेनची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. पाण्यात मिसळलेले लॅटेक्सचे गोंदही मिळतात. ते सावकाश सुकतात, पावसाळ्यात तर अधिकच, आणि नगावर मजुरी घेणाऱ्याला ते परवडत नाही. त्या वेळेचे पैसे माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याने मोजायला हवेत.

पायाला मुंग्या येतात म्हणून आलेल्या रुग्णाची साखर आणि बी-१२ तपासले जाते, ते योग्यच आहे. त्याच केसपेपरवर ‘काम काय करता?’ या प्रश्नाचे उत्तरही लिहिलेले असावे.